विश्लेषण : टॉम क्रूझच्या कितीतरी आधी हॉलीवूडला भुरळ घालणारे मेहेरबाबा कोण होते? ४३ वर्षे मौन पाळणाऱ्या या बाबांचे नागपूरशी काय नाते?

टॉम क्रूझचा सिनेमा आला की त्याने कुठल्या विमानाला लटकून स्टंट केला याची चर्चा होते आणि पाठोपाठ सायंटॉलॉजीची. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एल. रॉन हबर्ड यांनी १९५० मध्ये ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक काढले आणि पुढच्या काही वर्षांत त्यातून एक चर्च उभे राहिले. जॉन ट्रॅव्होल्टा, टॉम क्रूझ यांच्यासारखी बडी नावे त्याला जोडली गेली. २०१३ मध्ये अभिनेत्री लेआ रेमिनी बाहेर पडली आणि तिने संघटनेवर उघड टीका सुरू केली. संघटना हे आरोप फेटाळत आली आहे. लोकांच्या मनातला प्रश्न मात्र त्याहून साधा आहे. पैसा, प्रसिद्धी, बंगला, सगळे मिळालेली माणसे कुणाच्या तरी शब्दाखाली का जातात?

हा प्रश्न हॉलीवूडला सायंटॉलॉजीच्या जन्माआधीच पडून गेला होता. १९३२ च्या जूनमध्ये त्या काळची सर्वांत मोठी तारका मेरी पिकफर्ड आणि तिचा पती डग्लस फेअरबँक्स यांनी बेव्हर्ली हिल्समधल्या ‘पिकफेअर’ या आपल्या बंगल्यावर एका पाहुण्याचे स्वागत केले. लांब केस, भरघोस मिशा, अंगात पांढरा झगा. पाहुणा एक शब्दही बोलत नव्हता. तो पुण्यात जन्मलेला, मराठी येणारा आणि अहमदनगरजवळच्या (आता अहिल्यानगर) अरणगावात मुक्काम असलेला इराणी तरुण होता. हेच मेहेरबाबा.

पुण्याचा मेरवान ‘बाबा’ कसा झाला?

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. वडील शेरियार मूळचे इराणचे. तरुणपणी देवाच्या शोधात फकिरासारखे भटकलेले आणि शेवटी पुण्यात संसाराला लागलेले. आई शिरीन व्यवहारी, ठाम. मेरवान सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकला, मग डेक्कन कॉलेजात गेला. कवितेची आवड, क्रिकेटचे वेड, मित्रांचा गोतावळा. थोडक्यात, घरच्यांना याची काळजी वाटावी असे काही नव्हते.

पुण्याच्या कॅम्पात चारबावडीला एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान नावाची अतिवृद्ध मुस्लिम फकीर स्त्री बसत असे. कॉलेजला सायकलवरून जाता-येता मेरवानची तिच्याशी ओळख झाली. १९१३-१४ च्या सुमारास एके रात्री तिने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि त्यानंतर मुलगा पार बदलला. कित्येक महिने तो शून्यात नजर लावून बसे. खाण्यापिण्याची शुद्ध नाही, झोप नाही. दगडावर कपाळ आपटून घेत असे, असेही चरित्रकार सांगतात.

भक्तांसाठी हा साक्षात्काराचा काळ. शिरीनबाईंसाठी मात्र पोटच्या पोराला काहीतरी भयंकर झाले होते. त्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेले, पण गुण आला नाही. त्यांनी थेट बाबाजानलाच गाठून जाब विचारला. पुढेही मुलाच्या प्रत्येक गुरूशी त्यांचे खटके उडत राहिले. मेहेरबाबांची चरित्रे वाचताना सर्वांत खरी वाटते ती ही बाई. देव झालेल्या मुलाचे कौतुक जगाला असेल, तिला तो घरी जेवायला हवा होता.

मेहेरबाबा नागपूरला कशासाठी आले होते?

किंचित भानावर आल्यावर मेरवान एकेका सत्पुरुषाला भेटत निघाला. केडगावचे नारायण महाराज, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज. याच फेरीत १९१५ मध्ये तो नागपूरला ताजुद्दीनबाबांच्या भेटीला आला.

ताजुद्दीनबाबांची गोष्ट नागपूरकरांना सांगायला नको, पण या विषयात ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. १८६१ मध्ये कामठीत जन्मलेले, काही काळ फौजेत नोकरी केलेले ताजुद्दीनबाबा १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाले. ते गोऱ्या साहेबांच्या टेनिस कोर्टावर विवस्त्र शिरले म्हणून त्यांना तिथे टाकले, असे सांगितले जाते. तिथे ते १६ वर्षे राहिले. रोगी म्हणून ठेवलेल्या माणसाच्या दर्शनाला बाहेर रांगा लागू लागल्या. अखेर १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि त्यांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले.

म्हणजे नागपूरच्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या ‘सेलिब्रिटी’ने सरकारी कागदावर वेडा ठरलेल्या माणसाला गुरू मानले, तेही हिंदू राजाने मुस्लिम फकिराला. गावात कुजबुज झाली असेल, पण नागपूरकरांनी हे पचवले आणि आज ताजबागच्या उरुसाला सगळ्या धर्मांचे लोक जातात. वेडा कोण आणि अवलिया कोण, हे ठरवण्यात राजाश्रयाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र उरतोच.

मेहेरबाबांनी पुढे ज्या पाच जणांना ‘सद्गुरू’ मानले, त्यात बाबाजान, साईबाबा, उपासनी महाराज आणि नारायण महाराज यांच्यासोबत ताजुद्दीनबाबांचे नाव आहे. ताजुद्दीनबाबांचे देहावसान १७ ऑगस्ट १९२५ रोजी झाले. त्याच्या महिनाभर आधी मेहेरबाबांनी बोलणे थांबवले होते.

ताडीचे दुकान ते मेहेराबाद : हा प्रवास कसा झाला?

उपासनी महाराजांची पहिली भेट खडतर होती. ते शिर्डीत खंडोबाच्या देवळात होते. मेरवान समोर येताच त्यांनी दगड भिरकावला आणि तो नेमका कपाळावर लागला. पुढची काही वर्षे मेरवान त्यांच्याकडे जात-येत राहिला. त्याच काळात पुण्याच्या कसबा पेठेत ताडीचे दुकानही त्याने सांभाळले. गिऱ्हाइकाला ताडी ओतून द्यायची आणि वर कमी प्या म्हणून सांगायचे, असा तो धंदा! तो चालला नाही यात नवल नाही.

१९२२ मध्ये मुंबईत दादरला ‘मंझिल-ए-मीम’ नावाच्या घरात सुमारे ४५ शिष्य एकत्र राहू लागले. शिस्त कडक होती. कधी उठायचे, काय खायचे, कुठे जायचे, सगळे बाबा ठरवणार. इराणी, पारशी, मुसलमान, मराठी हिंदू असे सगळे त्यात होते. ‘मेहेरबाबा’, म्हणजे दयाळू पिता, हे नाव याच सुरुवातीच्या शिष्यांनी दिले. १९२३ मध्ये ही मंडळी अहमदनगरजवळ अरणगावला आली. तिथे लष्कराने सोडलेल्या जुन्या इमारती होत्या. शेजारून रेल्वेमार्ग, बाकी माळरान. याच जागेचे मेहेराबाद झाले. तिथे दवाखाना आणि मुलांसाठी शाळा सुरू झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना बाबा स्वतः आंघोळ घालत, कुष्ठरुग्णांचे पाय धूत. १९२० च्या दशकात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

पुण्यामुंबईच्या इराणी-पारशी समाजातल्या एका गटाला मात्र हे मुळीच रुचले नाही. आपल्यातला एक तरुण हिंदू-मुस्लिम साधूंच्या नादी लागतो, मग स्वतःच बाबा होतो आणि घरोघरच्या मुलांना ओढून नेतो, असा त्यांचा राग होता. वृत्तपत्रांतून विरोधी लेखन झाले. ज्यांची मुले-मुली आश्रमात गेली, त्या घरांत भांडणे झाली. सायंटॉलॉजीबद्दल आज जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, कुटुंबे तुटण्याची, तिचाच हा जुना अवतार.

मौन का धरले? मग संवाद कसा चालायचा?

१० जुलै १९२५ पासून मेहेरबाबा बोलले नाहीत. आधी हे थोड्या काळापुरतेच असेल, असे शिष्यांना वाटले होते. शब्द पुष्कळ सांगून झाले, आता ते जगण्याची वेळ आहे, अशी त्यांची भूमिका होती. पहिली काही वर्षे ते लिहून सांगत. १९२७ पासून लिहिणेही बंद झाले आणि हातात पाटी आली, जिच्यावर इंग्रजी मुळाक्षरे आणि अंक रंगवलेले होते. बाबांचे बोट अक्षरांवरून पळायचे आणि शेजारचा शिष्य ते मोठ्याने वाचायचा. तुमच्या फोनच्या कीबोर्डवर बोट घासून टाइप करता येते ना, जवळपास तसेच. फरक इतकाच की इथे ‘ऑटोकरेक्ट’चे काम जिवंत माणूस करत होता.

७ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी पाटीही टाकून दिली आणि फक्त हातांच्या खुणा उरल्या. त्या खुणांचा अर्थ लावून सांगणारा मुख्य माणूस होता एरच जेस्सावाला. तो नागपूरचा, त्याच्याकडे पुढे येऊच.

१९३२ मध्ये हॉलीवूडमध्ये नेमके काय घडले?

सप्टेंबर १९३१ मध्ये मेहेरबाबा ‘राजपुताना’ बोटीने इंग्लंडला निघाले. त्याच बोटीवर गोलमेज परिषदेला चाललेले गांधीजी होते. दोघांच्या भेटी झाल्या. गांधीजींनी बाबांचा आध्यात्मिक सल्ला मागितला, अशा बातम्या नंतर पसरल्या. गांधीजींच्या बाजूने त्याचा इन्कार झाला. नामवंताशी झालेल्या गप्पांचे लोकांच्या तोंडी शिष्यत्व कसे होते, याचे हे ठळक उदाहरण.

पुढच्या वर्षी ते पुन्हा पश्चिमेत गेले. लंडनमध्ये न्यूजरीलवाल्यांनी चित्रण केले, वृत्तपत्रांनी रकाने भरले. न बोलणारा पौर्वात्य साधू म्हणजे बातमीदारांना मेजवानीच. मे अखेरीस ते हॉलीवूडला पोहोचले. बोलपट येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. आवाज नीट नाही म्हणून मूकपटांतल्या कित्येक नटांची कारकीर्द संपत होती आणि त्याच गावात एक माणूस मौनावर जग जिंकायला आला होता. टॅलुला बँकहेड, गॅरी कूपर, बोरिस कार्लोफ, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच अशी मंडळी त्यांना भेटली. पिकफेअरच्या स्वागत समारंभात त्यांचा संदेश वाचून दाखवला गेला. सिनेमा लाखो माणसांच्या मनावर परिणाम करतो, त्यामुळे ते काम करणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, असा त्याचा सूर होता.

खरी खळबळ मात्र दुसऱ्याच घोषणेने झाली. १३ जुलै १९३२ रोजी हॉलीवूड बोल या खुल्या रंगमंदिरात मेहेरबाबा मौन सोडणार, असे जाहीर झाले. मधल्या काळात ते बोटीने पूर्वेकडे गेले आणि परतलेच नाहीत. कार्यक्रम रद्द झाला. ज्यांनी आपली पत पणाला लावून हे घडवून आणले होते, ते पाश्चात्त्य शिष्य तोंडघशी पडले. वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली. काही चाहते कायमचे दुरावले.

भक्त म्हणतात, बाबांचे बेत असेच बदलायचे. शिष्यांचा अहंकार मोडणे हा त्यातला धडा असायचा. टीकाकारांच्या मते दिलेला शब्द पाळला नाही तर त्याला धडा म्हणणे सोयीचे असते. दोन्ही बाजू वाचल्यावर मला दुसरीतले तथ्य नाकारता येत नाही. पण एक गोष्ट बुवाबाजीच्या हिशेबात बसत नाही. प्रसिद्धीच हवी होती, तर जगातल्या सर्वांत झगमगत्या व्यासपीठाकडे त्यांनी पाठ का फिरवली?

टीकाकार काय म्हणत होते?

सर्वांत मोठा फटका पॉल ब्रंटन या इंग्रज पत्रकाराने दिला. तो बाबांकडे येऊन राहिला, निराश झाला आणि १९३४ च्या ‘अ सर्च इन सीक्रेट इंडिया’ या पुस्तकात त्याने त्यांच्यावर कठोर टीका केली. भाकिते खरी ठरत नाहीत आणि माणूस स्वतःबद्दलच्या भ्रमात आहे, असा त्याचा रोख होता. त्याच पुस्तकाने तिरुवण्णामलैचे रमण महर्षी पश्चिमेत घराघरांत पोहोचवले. म्हणजे ब्रंटन साधूंच्या विरोधात नव्हता, म्हणूनच त्याची टीका बोचली.

तरी नाट्य-सिनेमावाले येत राहिले. रंगभूमी गाजवलेली अभिनेत्री नोरिना मॅचाबेली हिने उरलेले आयुष्य बाबांच्या कामाला दिले. ‘पिग्मॅलियन’चा निर्माता गॅब्रिएल पास्कल त्यांना मानत असे. बाबांच्या शिकवणीवर चित्रपट काढण्याच्या योजनाही आखल्या गेल्या. पडद्यावर काही आले नाही.

बाबा स्वतः मात्र या झगमगाटापासून दूर जात राहिले. १९४० च्या दशकात ते गावोगावचे ‘मस्त’ शोधत हिंडले. मस्त म्हणजे देवाच्या वेडात देहभान हरपलेली, रस्त्याकडेला पडलेली माणसे. तिसऱ्या वर्गाचा डबा, बैलगाडी, पायी, जसे जमेल तसे. सोबतच्या विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरने याची गावनिहाय नोंद ठेवली आणि १९४८ मध्ये ती ‘द वेफेअरर्स’ या नावाने छापली. ऑक्टोबर १९४९ मध्ये मोजके सोबती घेऊन, आश्रम सोडून, भिक्षा मागत ‘नवजीवन’ सुरू केले. १९५४ मध्ये मात्र त्यांनी आपण अवतार असल्याचे जाहीरपणे सांगितले. टीकाकारांना पुन्हा विषय मिळाला.

दोन मोटार अपघातांनी शरीर मोडले. १९५२ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात हात-पाय मोडले. डिसेंबर १९५६ मध्ये साताऱ्याजवळ उडतारे येथे कंबरेच्या सांध्याला इजा झाली. त्या अपघातात त्यांचे जुने शिष्य डॉ. नीलकंठ गोडसे दगावले. त्यानंतर बाबा कधीच पूर्वीसारखे चालू शकले नाहीत.

नागपूरच्या कोणी कोणी घरदार सोडले?

हॉलीवूडच्या नटाने गुरू केला तर त्याचे फारसे काही जात नाही. उद्या मन उडाले तर दुसरा सिनेमा असतोच. नागपूरच्या जेस्सावाला कुटुंबाने मात्र मागे काही ठेवले नाही. वडील मध्य प्रांताचे बॉयलर इन्स्पेक्टर. इंजिनीअरिंग केलेल्यांना हे पद किती जबाबदारीचे ते माहीत असेल. गिरण्यांच्या बॉयलरचा दाब, जाडी, झडपा तपासायच्या आणि त्यांची सही असेल तरच वाफ धरायची. असा मोजमापावर चालणारा माणूस १९३८ मध्ये नोकरी, घर, सामान सगळे सोडून बायकामुलांसह बाबांकडे गेला. मुलगा एरच तेव्हा २१-२२ वर्षांचा होता.

याच शहरात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक चक्रधर धरणीधर देशमुख हे आणखी एक. १९३८ नंतर ‘मेहेरबाबा जर्नल’मधून प्रवचने येऊ लागली. पाटीवरून मिळालेल्या मुद्द्यांना त्यांनी सुसंगत इंग्रजी लेखांचे रूप दिले. ही प्रवचने आज जगभर वाचली जातात आणि त्यांच्या भाषेवर नागपूरच्या एका प्राध्यापकाचा हात फिरलेला आहे. पुढे नागपुरातच शिकत असलेले भाऊ कलचुरी १९५३ मध्ये कायमचे बाबांकडे गेले. त्यांनीच नंतर ‘लॉर्ड मेहेर’ हे बहुखंडी चरित्र लिहिले.

‘डोन्ट वरी, बी हॅपी’चा संबंध काय?

१९६० च्या दशकात अमेरिकेतली तरुण पिढी एलएसडी घेऊन देव शोधत होती. बाबांनी याला स्वच्छ विरोध केला. या नशेने शरीर, मन आणि अध्यात्म तिन्हींची हानी होते, हे त्यांनी कळवले आणि १९६६ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तिका निघाली. ती वाचून ड्रग्ज सोडलेल्या तरुणांपैकी बरेच जण मग मेहेराबादला पोहोचले.

‘द हू’ या ब्रिटिश बँडचा पीट टाउनशेंड याच लाटेत बाबांचा झाला. १९६९ च्या ‘टॉमी’ या अल्बमवर बाबांचे नाव आहे. त्यातला नायक मूक आहे, हा योगायोग मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा. १९७१ मधले ‘बाबा ओ’रायली’ हे गाणे मेहेरबाबा आणि संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांवरून आले. रॉकची मैफल ऐकणाऱ्या कित्येकांना या ‘बाबा’चा पत्ता नगर जिल्ह्यातला आहे, याची कल्पनाही नसते. आणि ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे मेहेरबाबांच्या नावाने पोस्टरवर छापले जाणारे वाक्य होते. बॉबी मॅकफेरिनने त्यावर १९८८ मध्ये गाणे केले, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. शिट्टी वाजवत म्हटलेले ते गाणे तुम्ही नक्की ऐकले असेल.

मौन सुटले का?

नाही. मौन सोडण्याच्या तारखा १९३२ नंतरही जाहीर झाल्या आणि टळल्या. ३१ जानेवारी १९६९ रोजी अहमदनगरजवळच्या मेहेराझाद येथे त्यांचे निधन झाले. मेहेराबादच्या टेकडीवर समाधी आधीच बांधून तयार होती. तिथे सात दिवस लोक दर्शन घेत राहिले. त्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्येच, सायंटॉलॉजीने लॉस एंजेलिसमध्ये कलाकारांसाठी खास ‘सेलिब्रिटी सेंटर’ उघडले.

ही तुलना एका ठिकाणी थांबवावी लागते. सायंटॉलॉजीत पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांचे पैसे आहेत. टीकेचा मोठा भाग त्यावरच आहे. मेहेरबाबांनी नवा धर्म किंवा पंथ काढायला नकार दिला. १९५९ मध्ये स्थापन झालेला ट्रस्ट आजही दवाखाना, शाळा आणि यात्रेकरूंची सोय पाहतो. दर ३१ जानेवारीला, अमरतिथीला, देशोदेशीचे हजारो लोक त्या टेकडीवर जमतात आणि दुपारी बारा ते सव्वाबारा कोणी बोलत नाही.

एरच जेस्सावाला त्यानंतर ३२ वर्षे जगले. मेहेराझादच्या मंडळी हॉलमध्ये ते रोज बसत आणि आलेल्या पाहुण्यांना बाबांच्या गोष्टी सांगत. टाउनशेंडच्या पिढीतले अनेक जण बाबा गेल्यावर भारतात आले, त्यांनी बाबांना कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या कानांत बाबांचा म्हणून जो आवाज राहिला, तो नागपुरात वाढलेल्या या माणसाचा. २००१ मध्ये एरच यांचे निधन झाले.